बिनकामाची सही

न्यायाधीशाची सही घरात यावी म्हणून गोव्यात कुणाला छंद लावून घ्यावा लागत नाही. आजोबांना चार मुलगे आणि एकच कुळागर, एवढं पुरतं. आमच्या लाटंबार्सेत जुन्या घरांच्या माळ्यावर पत्र्याची एखादी पेटी असतेच. वर कुणाच्या तरी लग्नातली जाजमं, खाली कागद. कागद पोर्तुगीजमधले. घरात ते वाचणारं कुणी उरलेलं नाही आणि टाकायची कुणाची छाती होत नाही. इन्व्हेंतारच्या वाटण्या, मुखत्यारपत्रं, आल्वारा, भाटाच्या सीमा, आणि शेवटी एक सही. माझ्या आजोळच्या पेटीत अशीच एक आहे, कुळागरात पाट सोडावा तशी वळत वळत गेलेली. ह्या सहीने मामांच्या वडलांना व्हाळापलीकडचा एक तुकडा दिला आणि त्याच्याबरोबर धाकट्या भावाचा अबोला दिला. तुकडा पुढे खाणीच्या मातीखाली गेला. अबोला तिसऱ्या पिढीनेही व्यवस्थित सांभाळला आहे. ज्याने सही केली तो माणूस दिसायचा कसा, जाड होता की किडकिडीत, मिशा होत्या की नव्हत्या, हे मात्र दोन्ही पक्षांना ठाऊक नाही.

माझा छंद ह्याच्या बरोबर उलट आहे. मी जुन्या उच्च न्यायालयांच्या न्यायमूर्तींचे सही केलेले फोटो गोळा करतो. म्हणजे चेहरा आधी आणि सही त्याच्याखाली, आणि त्या सहीने कुणाचंही काहीही झालेलं नको.

नाणी, टपाल तिकिटं, काडेपेट्यांचे छाप जमवणाऱ्यांना लोक समजून घेतात. सिनेनटाच्या सहीमागे धावणाऱ्याला तर मान आहे. पण न्यायमूर्तींचा फोटो म्हटलं की समोरचा आधी माझ्याकडे कणवेने बघतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "केस कसली? मुंडकाराची?" पेन्शनवरच्या मास्तराला न्यायमूर्तीशी केसशिवाय दुसरं काय काम असणार, हे त्याचं बरोबरच आहे. एकदा मी एक मोठी तसबीर नवी चौकट करून घ्यायला सावंतवाडीला चाललो होतो. दोडामार्गच्या नाक्यावर शिपायाने वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो आडवा-उभा ऐवज पाहिला, आणि गोव्यातून बाहेर पडणाऱ्या गुंडाळीत काय असतं ह्याचा त्याला अनुभव होता. त्याने कागद सोडला. आतून पांढऱ्या गळपट्ट्यातले न्यायमूर्ती त्याच्याकडे रोखून बघत होते. "हो कोण?" त्याने विचारलं. मी म्हटलं, हायकोर्टाचे जज. त्याने कागद पुन्हा गुंडाळून दिला, माझ्यापेक्षा नीट, आणि बाकीची पिशवी उघडलीसुद्धा नाही.

मला ह्या सहीचं आवडतं ते तिचं निरुपद्रवीपण. न्यायाधीशाची बाकी प्रत्येक सही काहीतरी करतेच. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २०, नियम ३ सांगतो की निकालपत्रावर न्यायाधीशाने खुल्या न्यायालयात तारीख घालून सही करायची, आणि एकदा सही झाली की लेखनातली वा हिशेबातली चूक किंवा पुनर्विलोकन सोडलं तर त्यात काना-मात्रेचाही फरक करायचा नाही. सहीच्या आधीच्या क्षणापर्यंत व्हाळापलीकडचा तुकडा दोघांचाही असू शकतो, सहीनंतर तो एकाचाच. फोटोवरची सही असलं काही करत नाही. कुणाला तुरुंगात घालत नाही, कुणावर दाव्याचा खर्च बसवत नाही. तिच्यावर अपील नाही, कारण तिच्यात निकालच नाही. ज्या हाताने जन्मभर लोकांची शेतं आणि झोप इकडची तिकडे केली, त्याच हाताने एखाद्या निवांत दुपारी आपल्याच चेहऱ्याखाली उगीच एक सही करून टाकली, ह्यात मला भारी गंमत वाटते.

ह्या धंद्यातले काही लोक फाशीची शिक्षा लिहून मोडलेल्या निबांच्या शोधात असतात. फाशीच्या हुकमावर सही केली की निब मोडायची, अशी आपल्याकडच्या न्यायाधीशांची रीत होती. मला ते कुणी फुकट दिलं तरी नको. पोर्तुगालने तर मुलकी गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ सालीच रद्द केली होती. त्यामुळे पुढच्या काळातल्या आमच्या इथल्या न्यायाधीशांचे टाक शाबूत राहिले असावेत, नाहीतर झिजून मोडले असावेत, तेही वाटण्या लिहून लिहून.

जमवलेले फोटो लावायचे कुठे, हा प्रश्न घरोघरी वेगळा सुटतो. आमच्याकडे ते सोप्यावर लागले, कारण आतल्या खोलीत त्यांच्या नजरेसमोर कपडे बदलायला बायको तयार नव्हती. सोप्यावर आधीच आजोबा, पणजोबा आणि शांतादुर्गा होत्या. त्यांच्या ओळीत न्यायमूर्ती बसले आणि पाहुण्यांचा गोंधळ सुरू झाला. मुंबई उच्च न्यायालय १८६२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, त्याचे पहिले मुख्य न्यायमूर्ती सर मॅथ्यू सॉस. गृहस्थ आयर्लंडचे. त्यांचं माझ्याकडे आहे ते नुसतं छापील चित्र, सही नाही. दसऱ्याला नातू पुस्तकांना आणि कोयत्याला गंध लावत फिरत होता, त्याने भिंतीवरच्या सगळ्यांनाच लावलं. सॉससाहेबांना तो पोचेना, म्हणून गंध खालच्या कडेला, बरोबर सहीच्या जागी टेकवलं. आता ते तिथेच आहे. मुंबईची एक पाहुणी ते बघून म्हणाली, "तुमचे पणजोबा काय गोरे होते हो!" मी नाही म्हटलं नाही.

बायकोची हरकत वेगळी होती. "सगळे पुरुषच?" ती म्हणाली. हे खरंच होतं, आणि दोष संग्रहाचा कमी, इतिहासाचा जास्त. मुंबई उच्च न्यायालयात पहिली स्त्री न्यायमूर्ती आली ती १९७८ मध्ये, सुजाता मनोहर. म्हणजे न्यायालय उघडल्यावर एकशेसोळा वर्षांनी. पुढे १९९४ मध्ये त्याच मुंबईच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायमूर्ती झाल्या. त्यांच्यासाठी शांतादुर्गेशेजारची जागा मोकळी ठेवलेली आहे. बायको तिथे दुसरं काही टांगू देत नाही.

मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या तसबिरी आहेत, त्या बघायला मी गेलो होतो. कर्नल फुलर नावाच्या इंजिनियरने बांधलेली ती गॉथिक इमारत १८७८ च्या नोव्हेंबरात पुरी झाली आणि मंजूर रकमेपेक्षा २,६६८ रुपये कमी लागले. सरकारी बांधकामात पैसे उरवणाऱ्या ह्या माणसाचा सही केलेला फोटो मिळाला, तर मी सगळे न्यायमूर्ती एका बाजूला सरकवीन. पण त्या इमारतीतलं मला सगळ्यात आवडलेलं चित्र तसबिरीत नाही, दगडात आहे. एका खांबाच्या माथ्यावर माकड कोरलंय, एका डोळ्यावर पट्टी, हातात तराजू. बांधकामाच्या वेळी खटला हरलेल्या कुणा पारशी ठेकेदाराने ते कोरवून घेतलं, अशी दंतकथा आहे. दंतकथा खरी असो नसो, अपिलात जाण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आणि टिकाऊ ठरला. त्यावर सही नाही, हेही शहाणपणाचंच.

आता खऱ्या माणसांकडे येतो. आमच्या पिढीने न्यायमूर्ती रानडे पाहिले ते शाळेच्या भिंतीवर, पगडी घातलेले. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर काशिनाथ त्रिंबक तेलंग होते. १८८९ मध्ये न्यायमूर्ती झाले. त्याच्या सात वर्षं आधी त्यांनी केलेलं भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर मॅक्स म्युल्लरच्या ग्रंथमालेत निघालेलं होतं. १८९३ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले आणि त्यांच्या जागी रानडे आले. रानड्यांचा सही केलेला फोटो माझ्याकडे नाही, तेलंगांचाही नाही. असता तर हा लेख लिहीत बसलो नसतो, दार लावून बघत बसलो असतो. ज्यांच्यात मिळण्याची थोडीफार आशा असते ते फोटो म्हणजे त्या काळची 'कार्ड द व्हिझिट', अडीच इंच बाय चार इंच, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली. पुढे त्याच्याहून मोठं 'कॅबिनेट' आलं. मोठी माणसं स्टुडिओत जाऊन डझनभर काढून घेत आणि भेट म्हणून देत. सही बहुधा चेहऱ्यावर नसतेच, खालच्या पुठ्ठ्यावर असते, कारण चकचकीत कागदावर शाई बसत नाही, थेंब होऊन पळते. पुठ्ठा शाई पितो. म्हणून जुन्या सह्या कडेकडेने टिकल्या आणि पुढच्या काळात ज्यांनी थेट आपल्या कोटावर सही केली त्यांची निम्मी सही काळ्या कोटात बुडाली. न्यायमूर्तींचा कोट काळाच असणार, ह्याचा विचार त्यांनी करायला हवा होता.

माझ्या यादीतलं सगळ्यात अवघड नाव दिनशा दावर. मराठी घरात हे नाव काढलं की कपाळावर आठी येते. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून दावर उभे राहिले. समोर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी होते. त्यांनी जामीन दिला. पुढे न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी अठरा महिने दिले, ते वेगळं. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळक पुन्हा आरोपी. ह्या वेळी जामीन मागायला उभे होते बॅरिस्टर जिना आणि न्यायासनावर बसले होते दावर. ज्या माणसाने एकदा जामीन मागितला होता त्याने तो नाकारला. ज्युरीतल्या सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष, आणि २२ जुलैच्या रात्री दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस होता.

अशा माणसाचा फोटो भिंतीवर लावावा का? गावातल्या एका वयस्कर स्नेह्यांनी मला ऐकवलं, "मास्तर, तुम्ही हे लावलंत तर मी तुमच्याकडे चहा घेणार नाही." मी त्यांना म्हटलं की संग्रह म्हणजे आरती नव्हे. ज्यांच्या सहीने इतिहास घडला त्यांत चांगली सही आणि वाईट सही अशी निवड करायला लागलो तर निम्मी भिंत रिकामी होईल. हे त्यांना पटलं नाही, मलाही पूर्ण पटलं होतं असं नाही. शेवटी तडजोड अशी झाली: टिळक एका बाजूला, दावर दुसऱ्या बाजूला आणि मध्ये तय्यबजी. जामीन देण्याची त्यांना सवय आहे. स्नेही चहा घेतात, पण पाठ दावरांकडे करून.

दावरांबद्दलची एक गोष्ट न्यायमूर्ती छागलांनी 'रोझेस इन डिसेंबर' ह्या आत्मचरित्रात सांगितली आहे. छागला उमेदवारीच्या काळात जिनांच्या चेंबरमध्ये होते. दावरांना पुढे 'सर' ही पदवी मिळाली तेव्हा वकील मंडळींनी त्यांना मेजवानी द्यायचं ठरवलं आणि वर्गणीसाठी परिपत्रक फिरवलं. ते जिनांकडे आलं. त्यांनी त्याच्यावर शेरा मारला की सरकारला हवं ते करून, एका थोर देशभक्ताला अशी रानटी शिक्षा देऊन ज्याने पदवी मिळवली त्याला जेवण घालायला निघालेल्या वकिलांना लाज वाटली पाहिजे. शेरा दावरांपर्यंत पोचला. त्यांनी जिनांना बोलावून विचारलं की माझ्या कोर्टात मी तुम्हाला कधी वाईट वागवलं आहे का. जिना म्हणाले, कधीच नाही. मग असं का लिहिलंत? कारण मला ते खरं वाटलं. ह्या उत्तरावर काही बोलायला दावरांकडे उरलं नसावं. ते परिपत्रक आज कुणाच्या कपाटात असेल तर मला दावरांच्या दहा फोटोंपेक्षा ते हवं आहे. छागला स्वतः पुढे मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीला, जिथे तो खटला चालला त्या दालनाबाहेर टिळकांचे उद्गार कोरलेली शिला त्यांच्याच हस्ते बसली. न्यायालयाने आपल्याच भिंतीवर आपल्याच निकालाविरुद्ध मत नोंदवलं. माकडानंतरचं हे दुसरं.

गेलेल्यांचं असं. जिवंत न्यायमूर्तींकडून फोटो मिळवणं त्याहून अवघड. मी निवृत्त न्यायमूर्तींना पत्रं लिहितो. पत्रात स्वतःचं तिकीट लावलेला परतीचा लिफाफा घालतो आणि माझी कुठलीही केस कुठल्याही न्यायालयात नाही, असं पहिल्याच ओळीत लिहितो. त्यामुळे संशय वाढतो, असं बायकोचं म्हणणं. बरीच उत्तरं येत नाहीत. एका न्यायमूर्तींनी मात्र टंकलिखित उत्तर पाठवलं, तीन परिच्छेदांचं, परिच्छेदांना आकडे घातलेलं. पहिल्यात माझं पत्र मिळाल्याची नोंद आणि त्यातल्या मागणीचा सारांश. दुसऱ्यात असं की न्यायाधीशाची ओळख त्याच्या निकालपत्रांवरून व्हावी, चेहऱ्यावरून नव्हे, आणि पदावरून उतरल्यावर हा नियम सुटतो असं त्यांना वाटत नाही. तिसऱ्यात, सबब विनंती मान्य करता येत नाही. खर्चाबाबत आदेश नाही. आणि खाली निळ्या शाईत, तारखेसकट, पूर्ण नावाची ठसठशीत सही! माझं तिकीट न वापरता त्यांनी ते टाचणीला लावून परत पाठवलं होतं. माझ्या संग्रहातली सगळ्यात देखणी सही हीच. फोटो न देण्याच्या कारणांखाली केलेली.

आणि त्यांचं चुकलं होतं असं नाही. ७ मे १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी न्यायिक जीवनमूल्यांचं सोळा कलमी निवेदन स्वीकारलं. त्यात हेच आहे: न्यायाधीशाने पदाच्या प्रतिष्ठेला शोभेल इतकं अलिप्त राहावं, नातेवाईक आणि मित्र सोडून कुणाकडून भेटी घेऊ नयेत, आपल्या निकालांनाच बोलू द्यावं. फोटो देण्याबद्दल त्यात काही नाही, पण उद्या सही केलेला फोटो घेऊन कुणी तलाठ्याच्या टेबलावर ठेवला तर? आमच्या तालुक्यात असे कल्पक लोक आहेत. म्हणून पदावर असलेल्या न्यायमूर्तींना मी पत्र लिहीत नाही आणि दुसऱ्या कुणी लिहू नये असंही मला वाटतं. अमेरिकेत ह्या बाबतीत मोकळं वातावरण दिसतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या सही केलेल्या फोटोंचा रीतसर बाजार आहे. 'ग्रीन बॅग' नावाच्या कायद्याच्या नियतकालिकाने तर २००३ पासून न्यायमूर्तींच्या मान डोलावणाऱ्या बाहुल्याच काढल्या, पहिली मुख्य न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांची. आपल्याकडे तंजावरची बाहुली मान डोलावते ते चालतं. न्यायमूर्तींची करून बघा. आपल्याकडे १९७१ चा न्यायालय अवमान कायदा आहे, आणि बाहुलीची मान कुणाच्या बाजूला डोलली ह्यावरून वाद होईल तो वेगळा.

खरी-खोटी ओळखण्याची तंत्रं हळूहळू अंगवळणी पडतात. भिंग लावलं की छापील सहीत बारीक ठिपके दिसतात, हाताच्या सहीत नाहीत. कागद तिरपा करून उजेडासमोर धरला की शाईची वेगळी चमक दिसते, टाकाने कागद जिथे दाबला तिथे चर दिसतो. जुनी लोहयुक्त शाई काळाने तपकिरी होते आणि कागद खाते. रबरी शिक्क्याच्या सहीला कडेला शाईची पुसट किनार असते. डिचोलीतल्या एका झेरॉक्सवाल्याला ह्या सगळ्या खटाटोपाचं नवल वाटतं. "मास्तर, कलर झेरॉक्स काढतो. सही पण येते, फोटो पण येतो. पाहिजे तर जजांचा दुसरा फोटो लावून देतो." त्याला मी अस्सल आणि नक्कल ह्यांतला फरक समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, कोर्टात तर नक्कलच चालते.

गोव्याची मुख्य अडचण ही की आम्हाला चेहरेच नाहीत. आमचं 'रेलासांव द गोवा', म्हणजे वरिष्ठ न्यायालय, १५४४ सालचं. मुंबईच्या उच्च न्यायालयाहून तीनशेअठरा वर्षांनी मोठं. एके काळी मोझांबिकपासून मकावपर्यंतची अपिलं इथे येत. ओल्ड गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात व्हाइसरॉयांच्या तसबिरींची मोठी ओळ आहे, १५४७ मध्ये जुवांव द कास्त्रोने सुरू करवलेली. तलवार, चिलखत, दाढी, सगळं आहे. पण ते राज्यकर्ते. ज्यांनी शतकानुशतकं आमच्या वाटण्या केल्या त्या न्यायाधीशांची अशी ओळ कुणी लावली नाही. त्यांनी आपला अंश ठेवला तो वह्यांत. पोर्तुगीज पद्धतीत सरकारी वहीच्या पानापानावर आकडा आणि छोटी सही, पहिल्या पानावर वही उघडल्याचा लेख, शेवटच्या पानावर बंद केल्याचा. कुणी मधलं पान फाडू नये म्हणून केलेला हा बंदोबस्त. एका वहीत दोनशे पानं असली तर दोनशे सह्या. मला एक पुरली असती, चेहऱ्याखाली.

मुक्तीनंतर १९६३ च्या डिसेंबरात रेलासांव गेलं आणि न्यायिक आयुक्तांचं न्यायालय आलं. मुंबई उच्च न्यायालयाचं पणजी खंडपीठ सुरू झालं ते ३० ऑक्टोबर १९८२ ला, आणि त्याच दिवशी डॉ. गुस्ताव फिलिप कुतो हे गोमंतकीय न्यायमूर्ती त्यावर बसले. २०२१ पासून ते पर्वरीच्या नव्या इमारतीत आहे. हिशेब असा होतो की सॉस, तेलंग, रानडे, तय्यबजी, दावर, छागला ह्यांच्यापैकी एकाचाही हुकूम लाटंबार्सेत कधी चालला नाही. चालायचा तो पणजीचा, आणि त्याच्यावर लिस्बनचा. माझ्या भिंतीवरची ही मंडळी आमच्या गावाचं काही बिघडवू शकत नव्हती, आणि बहुतेक म्हणूनच माझी त्यांच्याशी इतकी मैत्री जमली. मामांना ह्या भिंतीचं कधी कौतुक वाटलं नाही. न्यायाधीश म्हटला की त्यांना व्हाळापलीकडचा तुकडा दिसायचा.

जिकिरीचा काळ म्हणजे पावसाळा. जूनपासून चार महिने भिंती घाम गाळतात आणि चौकटींच्या आत बुरशीचे ठिपके उठतात, पहिल्यांदा न्यायमूर्तींच्या गालावर. कसर कागदापेक्षा त्यामागच्या खळीवर लागते. म्हणून काजूच्या दिवसांत, हवा कोरडी असताना, मी सगळ्या चौकटी उघडतो, आतला कागद बदलतो, सिलिका जेलच्या पुड्या घालतो. एका एप्रिलमध्ये बायकोने मदत म्हणून छागलांना अंगणात भिंडाच्या सोलांशेजारी उन्हात ठेवलं. सोलं उत्तम वाळली. उन्हात शाई उडते हे मी तिला सांगेपर्यंत छागलांच्या सहीतलं आडनाव फिकट झालं होतं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं, असं मी स्वतःला सांगतो.

नव्या न्यायमूर्तींच्या संग्राहकांना ही कटकट नसेल, कारण त्यांना सहीच मिळणार नाही. आता आदेशाच्या कडेला एक चौकट येते: अमुक तारखेला, इतके वाजून इतकी मिनिटं, इतक्या सेकंदांनी डिजिटल सही झाली. सेकंद कळतो, हात कळत नाही. पक्षकारांच्या सोयीचं आहे, मला तक्रार करायचा हक्क नाही. पण शंभर वर्षांनी कुणी त्या चौकटीकडे भिंग घेऊन बघेल असं वाटत नाही.

मला हल्ली व्यक्तींच्या फोटोंपेक्षा निरोपसमारंभाचे ग्रुप फोटो जास्त ओढ लावतात. डिचोली, म्हापसे, पेडणे, पणजी, कुठल्याही जुन्या वकिलाच्या घरी एखादा असतो. मध्ये खुर्चीवर बदली होऊन निघालेले न्यायाधीश, गळ्यात हार, दोन्ही बाजूंना ज्येष्ठतेनुसार वकील, मागे उभे कनिष्ठ आणि अगदी कडेला, अर्धा चौकटीबाहेर गेलेला, पट्टा लावलेला शिपाई. खाली पुठ्ठ्यावर सगळ्यांच्या सह्या असतात. शिपायाची नसते. कोर्टात कोण किती वाजता आलं, कोण चेंबरमध्ये झोपलं, कुणाची फाइल कुठे सरकली, हे सगळं ठाऊक असलेला त्या फोटोतला एकटा तोच. आणि सह्याही नुसत्या वळणांच्या असतात. वाचता येत नाहीत. कुठली सही कुठल्या मिशीची, हे सांगणारे लोक आता ऐंशीच्या पुढचे आहेत.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात असा फोटो असेल तर ह्याच आठवड्यात तो खाली उतरवा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर धरा आणि तो सांगेल ती नावं मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढे चेहऱ्यावर उमटतात. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. कुणालाच ओळख पटली नाही तर भंगारवाल्याला न देता पणजीच्या पुराभिलेख खात्यात चौकशी करा, किंवा मला कळवा. आणि नावं डावीकडून उजवीकडे लिहिताना कडेला उभा असलेला शिपाई विसरू नका.